दरपत्रक

माझ्या डाव्या खांद्यामागे, काचेच्या आत,
सेलोटेपनं चिकटवलेलं आहे दरपत्रक.
केसपेपर दहा. खाट, दर दिवशी, वीस.
टाके काढणे पंधरा. एनिमा तीस.
पिवळं कार्ड असेल तर निम्मं,
आणि काहीच नसेल तर
अधीक्षकांची सही, तीही बारानंतर.

अकरा वर्षं मी इथं पावत्या फाडते,
नाना पेठेतल्या या महापालिकेच्या दवाखान्यात.
सुट्ट्यांवरून माणसं भांडली आहेत माझ्याशी,
पाच रुपयांसाठी रडलीही आहेत.
एकदा एका पोरानं आजोबांच्या मोतीबिंदूचे पैसे
गल्ला फोडून आणले, सगळी नाणीच.
मी मोजली. दोन रुपये जास्त होते. परत दिले.
द्यावेच लागतात. रोखवहीला
जास्तीचंही तेवढंच वावडं, जेवढं कमीचं.

म्हणून खळदकर आले तेव्हा मी गोंधळले.
खडकीच्या दारूगोळा कारखान्यात
छत्तीस वर्षं भांडारपाल. कागद वाचायची सवय.
बायको वारली होती आदल्या गुरुवारी,
बायकांचा वॉर्ड, खाट नऊ,
एकेचाळीस दिवस.
बिल त्यांनी चष्मा कपाळावर चढवून वाचलं,
बोटानं, ओळ न् ओळ, मग म्हणाले,
"यात एक बाब राहिली आहे."

मला वाटलं, आता घासाघीस.

"तुमची ती आया, छबू लोंढे.
रोज दुपारी हिची वेणी घालायची.
अर्धांगाचं माणूस, एका हातानं मान धरावी लागते.
मला एकेचाळीस दिवसांत जमलं नाही.
त्याचे किती?"

मी मागे वळून पाहिलं. खरंच पाहिलं.
टाके, एनिमा, क्ष-किरण, प्लास्टर,
मृत्यूच्या दाखल्याची जादा प्रत.
"काका, त्याला शीर्ष नाही."
"मग किरकोळमध्ये घाला."
"किरकोळ ऑडिटला चालत नाही."
"तेही खरंच," म्हणाले, आणि हसले थोडे,
एका कारकुनानं दुसऱ्याला हसावं तसे.

छबूताईनं त्यांची नोट घेतली नव्हती.
ती ठेकेदाराची माणूस, पगार तीन-तीन महिने तुंबतो,
घेतली असती तरी मी काही बोलले नसते.
पण म्हणाली, "केसाचं कुठं पैसं घ्येत्यात व्हय?"
आणि बेडपॅन उचलून गेली.

पुढच्या सोमवारी ते रांगेत होते.
केसपेपर, दहा रुपये. स्वतःच्या नावाचा.
"काय होतंय?"
"लिहा काहीही."
मी लिहिलं, अशक्तपणा.
डॉक्टरांकडे गेलेच नाहीत. कागदाची घडी खिशात,
आणि खडकीची बस.
दर सोमवारी.

मी सांगितलं एकदा, की हे छबूताईला मिळत नाहीत,
पालिकेच्या तिजोरीत जातात, तिथून
कुठल्या तरी चौकातल्या बंद कारंज्यात.
"ठाऊक आहे," म्हणाले.
"पण भरायचं तर खिडकीवरच ना."

ऑगस्टात लेखापरीक्षकांचा शेरा आला:
एकच रुग्ण, एकोणीस केसपेपर, तपासणी निरंक.
खुलासा करावा.
तीन दिवस तो कागद पेपरवेटखाली होता.
रक्कम बरोबर आहे. जमा आहे. कसला खुलासा?
शेवटी लिहिलं, सदर रुग्णास गुण येत नाही.
शेरा निकाली निघाला.

एप्रिलपासून दर वाढले.
जुन्या पत्रकावरच नवं डकवलं,
ऊन आलं की खालचे आकडे दिसतात.
केसपेपर वीस. दिवसभर मी शिव्या खाल्ल्या.
खळदकरांनी वीसची नोट सरकवली
आणि काचेवर बोट ठेवून
वरपासून खालपर्यंत सगळं वाचलं.

"नाही घातलेली अजून."
"नाही."

आत वॉर्डात छबूताई
कुणावर तरी खेकसत होती,
मान हलवू नको म्हणून.